मधल्या स्पीकरमधली बाई

१२ ऑगस्ट

प्रिय दादा,

"उद्या उठून मी काय करायचं?" असं आईने काल मला विचारलं. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. तिची फ्रेम टांगायला तूच खिळा ठोकला होतास, आणि तेव्हापासून मला मास्तरीण म्हणतोस. पण या एवढ्याशा प्रश्नाला मी नुसतं "झोप आता" म्हणाले.

डॉक्टरांनी शेवटचं सांगून टाकलं. साखरेने डोळ्यांचे पडदे पार गेलेत, आता काही परत येणार नाही. आई डॉक्टरांना "बरं" म्हणाली, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून जी आडवी झाली, ती अजून तशीच आहे. ताट पुढे केलं तर दोन घास खाते, तेही मी रडू नये म्हणून.

तुला पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मिळतोस दोन मिनिटं आणि ती दोन मिनिटं आई कान देऊन ऐकत असते. दोन खोल्यांच्या घरात तिच्यापासून लपवून करण्यासारखी एकच गोष्ट उरली आहे, लिहिणं.

अंधांच्या त्या निवासी संस्थेत तू आईचं नाव घातलंस, ऑक्टोबरअखेरपर्यंत जागा राखून ठेवायला सांगितलंस, हे मला मुळीच आवडलं नाही. आई म्हणजे काय अडगळ आहे? जिने आपल्याला वाढवलं तिला आपण नेऊन टाकायचं? माझ्याकडे दुसरा उपाय आहे, तेवढी मुदत मला दे.

आई जन्मभर सिनेमागृहात डोअरकीपर होती. हातात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायच्या आणि मग दाराशी उभं राहून सिनेमा ऐकायचा. पडद्याकडे तिचं लक्ष कमीच असायचं, उशिरा आलेले लोक असायचे ना! मग सिनेमा ऐकूनच तिला परत माणसांत का आणू नये? बाहेरच्या खोलीत होम थिएटर बसवते आहे. पुढे तीन स्पीकर, मागे दोन, आणि कोपऱ्यात धडधडाटासाठी एक मोठं खोकं. आवाज डावीकडून आला की दार डावीकडे, मागून आला की माणूस मागे. सगळी खोली तिला कानांनी दिसेल.

जहाजावर इलेक्ट्रिशियन व्हायच्या आधी तू स्पीकरच्या दुकानात होतास. कुठले घेऊ ते कळव. अर्थात तुझं पत्र यायला वेळ लागणार, म्हणून मी स्वतःच मासिकं वाचायला घेतली आहेत. त्यात प्रत्येक प्रकारच्या स्पीकरांना गुण दिलेले असतात. ज्या त्या प्रकारात जो पहिला आलाय तोच घ्यायचा, असं मी ठरवलंय. आईसाठी दुय्यम काही नको.

तुझी,
मास्तरीण


२९ ऑगस्ट

मास्तरीणबाईंस,

डोळे आईचे गेलेत की तुझे? आई अन्न टाकून पडली आहे आणि तू घरात थिएटर उघडतेस! पैशाचं मी बोलत नाही, ते तुझ्याच नावाने पाठवतो, हवे तसे उडव. पण तू पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला जातेस, तेव्हा दिवसभर घरात कोण असतं? गॅस कोण बंद करतं? ती पडली तर उचलायला तुझा स्पीकर येणार आहे का?

संस्थेत निदान माणसं असतात. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, रात्री कोणीतरी जागं. मला काय हौस आहे आईला लांब ठेवायची? पण मी इथे पाण्यावर आणि तू तिथे एकटी. भावनेवर घर चालत नाही, बाई.

आणि घेणारच असशील (तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे), तर एवढं तरी ऐक. पुढचे तिन्ही स्पीकर एका रक्ताचे हवेत. एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले. मागचे लहान चालतील, पण तेही त्याच नात्यातले घे. पहिला नंबर वगैरे शाळेत ठेव. स्पीकर एकेकटे परीक्षेला बसत नाहीत, त्यांना एकत्र नांदायचं असतं. मधला जर परक्या घरचा आला तर सगळ्याचा विचका होतो.

आईला सांग, मी मजेत आहे.

दादा


१६ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र काल मिळालं. उशीर झाला होता. स्पीकर आले होते, लागले होते, आणि आईचा हात प्लास्टरमध्ये आहे. घाबरू नकोस, डावं मनगट आहे, जुळेल म्हणतात.

कसं झालं ते सांगते. पुढचे दोन उंच स्पीकर मी एका कंपनीचे घेतले, मधला दुसऱ्या कंपनीचा, मागचे दोन तिसऱ्या. सगळे आपापल्या वर्गात पहिले आलेले. वायरी ओढताना दुकानदार म्हणाला, "ताई, सगळ्या वर्गांचे मॉनिटर एका बाकावर बसवताय. भांडतील हं." मी हसले. मला वाटलं, विकणाऱ्या माणसाला बोलायची सवयच असते.

रविवारी सकाळी आईला उठवलं, वेणी घातली आणि बाहेरच्या खोलीत मधोमध खुर्चीवर बसवलं. सिनेमागृह बंद होण्याआधी शेवटी लागलेला सिनेमा लावला. दाराशी उभं राहून तिने तो इतक्या वेळा ऐकलाय की संवाद तोंडपाठ. त्यात एक बाई डावीकडच्या दारातून बोलत बोलत येते आणि खोली ओलांडून उजवीकडच्या खिडकीशी जाते. आई ऐकत होती. तिचा चेहरा जरा सैल पडला. तेवढ्यात ती बाई मधे पोचली आणि आईने विचारलं, "ही कोण आली?"

"तीच आहे गं."

"तीच कशी? हिला तर पडसं झालंय. ती पहिली कुठे गेली?"

बाई खिडकीशी पोचली आणि तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. आई म्हणाली, "म्हणजे दोघी आहेत. एक मधेच उभी राहून बोलते आणि गप्प बसते. कोण उभं आहे मधे?"

मला तोपर्यंत काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. पडद्यावर मला एक बाई दिसत होती, म्हणून मला एकच बाई ऐकू येत होती. माझे डोळे तिचे तुकडे जोडून घेत होते. आईला कोण जोडून देणार?

मी बंद करायला उठणार, तोच मागच्या स्पीकरमधून त्या बाईच्या बापाने हाक मारली. तिसराच आवाज, खरखरीत, आईच्या मानेपाशी. आई ताडकन उठली. "घरात माणूस शिरलाय! पोरी, तू कुठे आहेस?" आणि हात पुढे करून धावली. पाय वायरीत अडकला, ती टीव्हीच्या टेबलावर कोसळली. पडल्यावरसुद्धा विचारत होती, "तू ठीक आहेस ना?" ती पळून जात नव्हती, दादा. ती मला वाचवायला उठली होती.

इस्पितळात मी एक्स-रेच्या रांगेत असताना ती बाकावर बसून होती. शेजारी पांढरी काठी घेतलेली एक बाई होती, तिच्यासारखीच. मी परत आले तर दोघींची डोकी एकत्र, कुजबुज चाललेली. मला बघून, म्हणजे माझी चाहूल लागून, दोघी गप्प झाल्या. दोन दुःखी बायका एकमेकींना काय सांगत असतील या विचाराने माझ्याने तिथे उभं राहवेना.

आता आई बाहेरच्या खोलीत यायलाच तयार नाही. म्हणते, "तिथे माणसं आहेत." मी सांगते, नाहीत. ती म्हणते, "ठाऊक आहे गं मला. तरी आहेत."

मी काय करू? स्पीकर परत करू की जुळणारे आणू? सोडून द्यायचं तर मग राहतं काय? भिंत.

तुझी,
मास्तरीण


३० सप्टेंबर

मास्तरीण,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. मागच्या पत्रात फार बोललो. स्वतःला दोष देत बसू नकोस, जमेल तर.

जुळणारे आणायचे असतील तर कागदावरचे आलेख बघू नकोस. दुकानात नळाच्या खळखळाटासारखा एक सरळ आवाज असतो, चाचणीसाठी. तो आधी डावीकडे, मग मधे, मग उजवीकडे सोडायला सांग. तिन्ही ठिकाणी नळाचं पाणी एकच वाटलं पाहिजे. मधे ते पत्र्यावर पडल्यासारखं किंवा वाळूत मुरल्यासारखं वाटलं, तर तो स्पीकर कितीही गुणी असो, घरी आणायचा नाही. सगळ्यात सोपं म्हणजे तिन्ही अगदी एकसारखे घे, मधलाही तोच. आणि ऐकताना डोळे मीट. तुझी सवय आधी वाचायची आणि मग ऐकायची.

वायरी भिंतीच्या कडेने ने.

ऑक्टोबरअखेर जवळ येते आहे. मी आग्रह करत नाही, आठवण करून देतो.

दादा


१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तू सांगितलंस तसंच केलं. सगळे परत नेले आणि आईलाही दुकानात नेलं. यायला तयार नव्हती, पण मी हट्ट केला. तिला स्टुलावर बसवलं. दुकानदार अदबीने म्हणाला, "आजी, तुम्हीच निवडा. तुमचे कान आता भारी तिखट झाले असतील."

आई म्हणाली, "डोळे रिटायर झाले म्हणून कानांना बढती मिळत नाही हो. मला सगळे सारखेच वाटतात. आणि आजी कोणाला म्हणता?"

दुकानदार खजील. मग मीच डोळे मिटून उभी राहिले. नळ सुटला. पहिला मधला स्पीकर पत्र्याचा, दुसरा वाळूचा, तिसरा जवळपास जमला पण वरच्या पट्टीत चिरकत होता. दुकानदार कंटाळला नाही. शेवटी त्याने मागून एका बंद झालेल्या मालिकेतले लहान स्पीकर आणले, रंग उडालेले, मासिकाने कधी नावही न घेतलेले. डावीकडे तोच, मधे तोच, उजवीकडे तोच. नळ खोलीभर सरकत गेला आणि पाणी तेच राहिलं. मागे लावायलाही त्याच मालिकेतली धाकटी जोडी मिळाली. डोळे उघडले तर दुकानदार हसत होता आणि आई म्हणत होती, "पाय दुखले. झालं का?"

घरी आणून सगळे आईच्या कानाच्या उंचीवर लावले, आवाज समान केले, वायरी भिंतीला चिकटवल्या. तिला कसंबसं पटवून खुर्चीत बसवलं. ती बाई दारातून आली, मधून गेली, खिडकीशी पोचली. एकच बाई, दादा! अख्खी खोली ओलांडून गेली, कुठे तडा नाही. बापाने मागून हाक मारली, तीही घरातल्याच माणसाची वाटली. मी ओरडलेच. "आई, कसं वाटतंय?"

आई म्हणाली, "छान आहे हं."

पाहुण्यांनी नको असलेली भेट आणली की ती कशी म्हणते, तसं. थोड्या वेळाने म्हणाली, "बंद करतेस का? दमले." आणि जाऊन भिंतीकडे तोंड केलं.

सगळं जुळलं आणि काही झालं नाही.

आणखी एक सांगायचं आहे, जे आजवर तुला कळवलं नव्हतं. कामावर जाताना मी घराला बाहेरून कुलूप लावते. ती चुकून जिन्यात जाईल म्हणून. पहिल्यांदा लावलं तेव्हा आतून तिने विचारलं, "कुलूप कशाला गं?" मी म्हटलं, "चोरांसाठी." काल परत आले तर ती ओल्या कपड्यांत बसली होती. म्हणाली, "पाणी सांडलं." ते पाणी नव्हतं.

मी तिला स्वच्छ केलं. शिकून मला वाटायचं, कुठलाही प्रश्न नीट वाचला, नीट मांडला की सुटतो. मी इतकं वाचलं, दादा. आईच्या खोलीत गेले की मला काहीही येत नाही.

हात टेकले मी. तू येशील का?

तुझी,
मास्तरीण


२३ ऑक्टोबर

मास्तरीण,

येतो आहे. करार अर्धा टाकून येतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी असेन.

मागच्या मंगळवारी जहाजावरची वीज गेली. मी खाली इंजिनाजवळ होतो. आपत्कालीन दिवेही लागले नाहीत. या जहाजाची एकेक वायर मी ओळखतो, पण त्या काळोखात मला जिना कुठल्या बाजूला तेच कळेना. मी ओरडायला लागलो. एवढा मोठा माणूस मी, आईच्या नावाने ओरडलो. वीज आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. जिना माझ्या पाठीशी होता.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. मी आईला असल्या काळोखात परक्या माणसांत ठेवायला निघालो होतो. तू म्हणत होतीस तेच खरं. मी संस्थेला कळवून तिचं नाव काढून घेतलं आहे. तू काही करू नकोस. तिला कुठेही पाठवू नकोस. मी आल्यावर तिला एक क्षण एकटं सोडणार नाही. एक हात तुझा, एक माझा. तिला बोटही उचलावं लागणार नाही.

तोपर्यंत कुलूप लावायचं असेल तर लाव. मी तुला काही म्हणणार नाही.

दादा


२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझ्या पत्राआधी तुझा निरोप मला संस्थेतच कळला. कसा, ते सांगते. रागावायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून रागाव.

तुला मागचं पत्र टाकल्यावर दहाएक दिवसांनी मी एका दुपारी लवकर घरी आले. कुलूप काढलं तर आई बाहेरच्या खोलीत, स्पीकरांच्या मधोमध, जमिनीवर गुडघे टेकून भिंत चाचपत होती. मी धावले. "काय हवंय? मी देते."

"लांब हो."

"अगं, पण—"

"लांब हो म्हणते ना! मोरीपर्यंत किती पावलं ते मोजत होते. आता तू आलीस, चुकलं सगळं."

मी तिथेच बसले आणि रडायला लागले. म्हटलं, "तुला काय हवंय ते तरी सांग. मी सिनेमा आणला, तुझ्यासाठी सगळी खोली जुळवली. तुला काय हवंय, आई?"

ती म्हणाली, "मला संडासला एकटीला जायचंय."

मग म्हणाली, "तू हात धरून नेतेस. दाराबाहेर उभी राहतेस. 'झालं का' विचारतेस. आणि तू नसलीस की मी धरून ठेवते. तू सिनेमा आणलास, चांगला आणलास. मी खोटं नाही बोलले. पण मला ती बाई कुठून कुठे चालली ते ऐकून काय करायचंय? ती चालते. मी बसते."

दादा, इस्पितळातली ती काठीवाली बाई आठवते? मला वाटलं होतं दोघी दुःख वाटून घेताहेत. ती बाई त्या संस्थेतून दोन बस बदलून एकटी आली होती. आईला सांगत होती की तिथे काठी घेऊन चालायला शिकवतात, गॅस पेटवायला शिकवतात, सहा महिन्यांत घरी हाकलून देतात. आईने तेव्हाच ठरवलं होतं. मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. म्हणाली, "तू एवढी धडपडत होतीस. तुझं मन मोडवेना. वाटलं, हिचं होऊन जाऊ दे आधी."

आपण दोघं पत्रांतून भांडत राहिलो, तू म्हणायचास तिथे तिला सांभाळतील, मी म्हणायचे तिथे तिला टाकून देतील. तिला दोन्ही नको होतं. आपल्यापैकी कोणीही त्या संस्थेत पाय ठेवला नव्हता, आणि आईला विचारलं तर मुळीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. तिथल्या मुख्य बाईंनी सांगितलं, "तुमच्या मुलाचा निरोप आलाय, नाव काढा म्हणून. जागा दुसऱ्याला देणार आहोत." मी तुझी बाजू सांगू लागले, माझी सांगू लागले. आईने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि त्या बाईंना म्हणाली, "डोळे माझे गेलेत ना? मग निरोप त्याचा कसा चालतो? कागद द्या इकडे." बाईंनी तिचं बोट ओळीवर ठेवलं. तिने प्लास्टरच्या हाताने कागद दाबून धरला आणि सही केली. वर चढत गेलेली, पण पूर्ण.

तू काळोखात ओरडलास ते वाचून मला फार वाईट वाटलं. तुला मिठी मारावीशी वाटली. पण तुला वीज परत मिळाली, दादा. तिला मिळणार नाही. एक हात तुझा, एक माझा, असे दोन्ही हात धरले तर ती काठी कशात धरणार? डिसेंबरमध्ये जरूर ये, मलाही कोणीतरी हवं आहे. फक्त तिला परत आणायला जाऊ नकोस.

काल सकाळी मी तिला पोचवलं. फाटकाशी एक शिक्षिका आल्या. म्हणाल्या, "इथून पुढे त्या एकट्या." आईच्या हातात काठी दिली. आई माझ्याकडे तोंड करून, म्हणजे माझ्यापासून जरा बाजूला, म्हणाली, "जेवत जा." आणि आत निघाली. लांब व्हरांडा आहे, मधे खांब. काठी तिने उचलूनच धरली होती, टेकवायची असते हे अजून शिकायचं आहे. चौथ्या-पाचव्या पावलाला ती खांबावर आपटली. कपाळच आपटलं, मला फाटकाशी ऐकू आलं. माझा हात फाटकाच्या कडीवर गेला. शिक्षिका तिच्यामागे नुसत्या उभ्या होत्या. आई खांबाला म्हणाली, "अगं बाई, सरका की जरा." मग कपाळ चोळत उभी राहिली. बराच वेळ. ती रडते आहे की काय, ते पाठीवरून कळत नव्हतं.

मी कडी सोडली, स्टँडवर गेले आणि मिळाली ती बस पकडून घरी आले.

तुझी,
मास्तरीण